माल्टा, गोझो आणि मालन परब

९ जानेवारी, गुरुवार. लालबाग

माल्टाला जायचं नक्की केलं. खरं कारण इथे लिहून ठेवते, कारण पूर्वीला ते सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला वाटतंय, आईला निवृत्तीनंतर एकदाची जग बघायची हौस आली.

दुपारी माटुंग्याला राहुलच्या ऑफिसात गेले होते. तो सहली नेतो. त्याला प्रवाशांच्या मेळाव्यात माझं भाषण हवं होतं. बोलता बोलता टेबलावरच्या यादीकडे लक्ष गेलं. बत्तीस वर्षं शाळेत काढल्यावर समोरचा कागद उलटा वाचता येतो. माल्टा आणि गोझो, भूमध्य समुद्रातली दोन बेटं, फेब्रुवारीत, मोसम नसताना, म्हणून स्वस्त. चौदा जागा, तेरा भरलेल्या. नववं नाव: मालन परब, वय ६४, एकटी, खोलीला जोडीदार हवी.

हे नाव मी अठ्ठावीस वर्षं तोंडातून काढलेलं नाही. तिच्या आणि माझ्या घरात दोन गल्ल्यांचं अंतर आहे. समोरून आली तर मी फुटपाथ बदलते. आधी तीही बदलायची. हल्ली गुडघ्यांमुळे जमत नाही, नुसती मान खाली घालते. घालायलाच हवी.

फेब्रुवारी १९९७. महापालिकेची निवडणूक, आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव, उमेदवार मी. बारा वर्षं मी नळावरून, रेशनवरून, बंद पडलेल्या गिरण्यांवरून बोलत होते. मी बोलायला उभी राहिले की रस्त्यावरचा माणूस पिशवी खाली ठेवायचा. माझ्या अर्जावर सूचक म्हणून मालनची सही होती. छाननीच्या दिवशी समोरच्यांनी हरकत घेतली. अधिकाऱ्याने मालनला बोलावून अर्ज तिच्यापुढे धरला. "ही सही तुमची?" ती म्हणाली, "नाही." बारा वाजून चाळीस मिनिटांनी माझा अर्ज बाद झाला. पुढच्या वेळी आरक्षण बदललं, मग यांचं आजारपण, मग शाळा. मी काहीच न होता माजी झाले.

मला तिच्याकडून एकच वाक्य हवं आहे, चार माणसांसमोर: "मी खोटं बोलले." मग ती सुखाने जगो.

राहुलला म्हटलं, "या बाईंच्या खोलीत मला घाला."

"ओळखता?"

"जुन्या मैत्रिणी. पण माझं नाव सांगू नका. सरप्राइज."

"वा, मस्त! ताई, ऑफ सीझन आहे हां. थंडी, वारा, अर्धी हॉटेलं बंद. समुद्रात उतरता नाही येणार."

"मला नाही उतरायचं," मी म्हटलं, "एकीला उतरवायचंय."

तो खो खो हसला.


२६ जानेवारी, रविवार

भाषण तयार होतंय. सहलीच्या शेवटच्या दिवशी राहुल निरोपाचा कार्यक्रम ठेवतो. कुणी गाणं म्हणतं, कुणी नकला करतं. मी बोलेन. सुरुवात शांत. आधी "एक बाई होती" असं सांगायचं, नाव घ्यायचं नाही. श्रोत्यांना त्या बाईवर प्रेम करू द्यायचं. मग मैत्रीण आणायची. मग बोट दाखवायचं.

स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून बघत होते तर पूर्वी आली.

"आई, तू फिरायला चाललीयस की सभेला?"

"फिरायलाच."

"मग त्या कुकरला कशाला दम देतेयस?"

रूममेट कोण, असं तिने विचारलं. सांगावं लागलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मालनमावशी? ती माझ्या वेण्या घालायची, तू सभेला गेलीस की. एकदम घट्ट. डोळे ताणायचे माझे." आणि हसली. मला ते हसणं आवडलं नाही. मी एवढं सोसलं आणि मुलीच्या लक्षात वेण्या राहिल्या.


१० फेब्रुवारी, सोमवार. विमानतळ

राहुलने विमानतळावर "सरप्राइज!" असं ओरडून मला तिच्यापुढे उभं केलं. मी चेहरा ठरवून ठेवला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता पांढरी पडणार.

"लले," ती म्हणाली, "केस काळे करायचं कधी सोडलंस?"

मग आपली बॅग उचलून रांगेत गेली. माझ्या ठरवलेल्या चेहऱ्याचा काही उपयोग झाला नाही.


१२ फेब्रुवारी, बुधवार. माल्टा

समुद्राकाठी लांबच लांब रस्ता आणि त्यावर आम्ही चौदा मराठी माणसं, कानटोप्या घालून. कॅफेंच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या. हॉटेलचा पोहण्याचा तलाव रिकामा, तळाशी पानं. लोक इथे उन्हाळ्यात मुंग्यांसारखे असतात म्हणे. मला हे असंच बरं वाटतं. उत्सव संपलेल्या मंडपासारखं. खरं काय ते तेव्हाच दिसतं.

सगळं शहर एकाच पिवळट दगडाचं. घरांना लाकडी, बंद, रंगीत सज्जे. दर्शना वाघळे म्हणून दादरच्या निवृत्त बँकवाल्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, "अगदी गिरगावात आल्यासारखं वाटतं, नाही?" मालन म्हणाली, "गिरगावात वाळत घातलेले कपडे दिसले असते." सगळे हसले. तिला लोकांना हसवता येतं हे मी विसरले होते.

किल्ल्यावर वाटाड्याने सन १५६५ च्या वेढ्याची गोष्ट सांगितली. तुर्कांनी मारलेल्या इथल्या सरदारांची प्रेतं लाकडी क्रुसांना बांधून खाडीत सोडली. ती वाहत किल्ल्याच्या भिंतीला लागली. तेव्हा आतल्या सेनापतीने तुर्की कैद्यांची मुंडकी उडवली आणि तोफेत घालून परत पाठवली. बायका "अगंबाई" म्हणाल्या. मी मात्र पहिल्यांदाच या देशाबद्दल आदराने विचार केला. साडेचारशे वर्षांपूर्वीचं उत्तर अजून सांगितलं जातंय. उत्तर असं द्यावं.

खोलीत: ती पाचला उठते. गुडघ्यांना बाम लावते. किटलीत पाणी तापवून, आणलेली पावडर घालून दोन कप चहा करते, आणि एक माझ्या उशाशी ठेवते. काल मी प्यायले नाही. आज प्यायले, कारण थंडी फार होती.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

बेटाच्या मधोमध टेकडीवर एक जुनं तटबंदीचं गाव आहे, इमदिना. मोटारी जवळजवळ नाहीत, दुकानांना पाट्याही लहान. तिथे सगळे आपोआप हळू बोलतात. मला तिथे गुदमरल्यासारखं झालं.

तटावर आम्ही दोघीच मागे राहिलो. खाली शेतं हिरवीगार, बदामाला पांढरा बहर. उन्हाळ्यात येणाऱ्यांना म्हणे हे दिसतच नाही, त्यांना नुसती करपलेली माती. मी म्हटलं, "मालन, तो दिवस आठवतो?"

"कुठला?"

"नाटक नको."

ती तटाच्या दगडावर बसली. "आठवतो. पण इथे नको गो. गुडघे दुखताहेत, आणि मला ते झाड बघायचंय."

अठ्ठावीस वर्षांचा प्रश्न आणि हिला झाड बघायचंय!

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, पुढे कुणी मुद्दा काढू नये म्हणून. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मालन मुंबईत नव्हती. आई आजारी म्हणून देवगडला होती. सूचकाची सही तर हवी. आमच्या महिला मंडळाच्या पत्रांवर, रेशनच्या निवेदनांवर आम्ही एकमेकींच्या सह्या करतच होतो. ती माझी, मी तिची. सगळं मंडळ असंच चालायचं. वेळ कुणाला होता? सहीखाली ती जी उलटी रेघ ओढते ती मला तिच्यापेक्षा चांगली जमायची. तेव्हा सही कुणाच्या हाताने झाली हा तांत्रिक तपशील आहे. चळवळीत माणसं एक असतात. सही तिचीच होती.


१५ फेब्रुवारी, शनिवार. गोझो

काल बोटीने या दुसऱ्या बेटावर आलो. पंचवीस मिनिटं लागतात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला लागतो त्याहून कमी वेळ. हे बेट माल्टाहून लहान आणि आणखी रिकामं. हॉटेलात आमच्याशिवाय कुणी नाही. मोठ्या दिवाणखान्यात सोफ्यांवर चादरी घातलेल्या.

आज समुद्रातली प्रसिद्ध दगडी कमान बघायला नेलं. तिथे कमान नाही. २०१७ च्या वादळात कोसळली. फोटो अजून सगळ्या पत्रकांवर आहे. राहुल हाताने हवेत दाखवत होता, "इथून सुरू व्हायची, इथे संपायची." चौदा माणसं मान वर करून रिकाम्या हवेकडे बघत उभी. मालन मला म्हणाली, "सगळ्यांना दिसतेय बघ." मला तिचं बोलणं टोमण्यासारखं वाटलं, पण नेमका कशाबद्दल ते कळेना.

वारा वाढलाय. ईशान्येचा. इथल्या लोकांकडे त्याला वेगळं नाव आहे.

ती मघाशी माझ्या शालीचा उसवलेला काठ शिवत होती. मी सांगितलं नव्हतं. "राहू दे," म्हटलं तर म्हणाली, "झालंच." परवा बोट, तेरवा विमान. उद्या कार्यक्रम. माझा निश्चय एवढ्यातेवढ्या टाक्यांनी सैल होणारा नाही.


१६ फेब्रुवारी, रविवार. गोझो

वाऱ्यामुळे बोट बंद. कुणीच या बेटावरून जाऊ शकत नाही. राहुलने कार्यक्रम दुपारी चारलाच घेतला.

सोफ्यांवरच्या चादरी काढल्या. हॉटेलच्या मालकाने एक टोपली संत्री आणून ठेवली. इथे आता संत्र्यांचे दिवस आहेत. मालन सगळ्यांना सोलून देत होती. कुणी भावगीत म्हटलं, दर्शनाबाईंनी उखाणे घेतले. मग राहुल म्हणाला, "आता ललिताताई. ज्यांचं भाषण ऐकायला एके काळी परळची वाहतूक थांबायची!" राहुल त्या वेळी बालवाडीत असेल. तरी मी ते नाकारलं नाही.

मी उत्तम बोलले. हे गर्वाने लिहीत नाही, मला कळतं. "एक बाई होती" म्हणून सुरुवात केली. तिच्या गल्लीतला नळ, तिचं पहिलं भाषण, डोक्यावर पदर घेऊन ऐकणाऱ्या बायका. समोरच्यांचे हात संत्र्यांवर थांबले. मग मैत्रीण आणली. मी म्हटलं, "शत्रू समोरून येतो, त्याच्यासाठी आपण दार लावून घेतो. पण जिच्याकडे आपल्याच घराची किल्ली आहे, तिच्यासाठी कुठलं दार लावायचं?" एका बाईंनी डोळे पुसले. मग छाननीचा दिवस. अधिकाऱ्याचा प्रश्न. "नाही" हा शब्द मी अगदी हळू म्हटला आणि थांबले. बाहेर वारा काचा हलवत होता. याहून चांगली शांतता मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

मग बोट दाखवलं. "ती बाई मी. आणि ती मैत्रीण या खोलीत संत्री सोलतेय."

सगळ्यांनी मालनकडे पाहिलं. मालनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला बाकी काही नको. एवढं सांग या सगळ्यांना, की तू खोटं बोललीस."

आणि तेवढ्यात दर्शनाबाईंनी हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा.

"ताई, सॉरी हं, मध्येच बोलते. मी एकोणतीस वर्षं बँकेत सह्याच पडताळल्या. म्हणून विचारते. सही त्यांनी तुमच्यासमोर केली होती ना?"

मी म्हटलं, "प्रश्न सहीचा नाही, निष्ठेचा आहे!" या वाक्याला टाळी असते.

टाळी आली नाही.

"हो, ते आहेच," दर्शनाबाई म्हणाल्या, "पण सही केली कुणी?"

माझ्या सभांवर दगड आलेत. परळच्या नाक्यावर माईकची वायर कापली होती, तर मी बिनमाईकचं पाऊण तास बोलले होते. आज मला पुढचं वाक्य सापडेना. तोंड उघडं होतं, हे मला जाणवत होतं. राहुलचा फोन माझ्या दिशेने धरलेला होता, तो रेकॉर्ड करत होता.

मालन उठली. गुडघे धरून, सावकाश.

"माझीच होती," ती म्हणाली. "मीच केली होती सही. तिथे पोलीस बघितले, घाबरले, आणि नाही म्हणून बसले. खोटं बोलले मी. ललिताचं नुकसान झालं."

खाली बसली, आणि राहिलेलं संत्रं सोलायला घेतलं.

मग टाळ्या. माझ्यासाठी. बायकांनी मला मिठ्या मारल्या. "केवढं मोठं मन तुमचं, एका खोलीत राहिलात!" मालनच्या शेजारची खुर्ची कुणीतरी थोडी ओढून घेतली. तिने दिलेली संत्री टेबलावर तशीच राहिली.

मला हवं होतं ते वाक्य मिळालं. चार नव्हे, बारा माणसांसमोर. मी जिंकले. माझ्या वाट्याचं संत्रं मी पण खाल्लं नाही, आंबट असेल.


१७ फेब्रुवारी, सोमवार. बोटीची वाट बघत

सकाळी चहाचा कप उशाशी होता. मी उठून बसले.

"खोटं का बोललीस?"

"कधी?" मालन म्हणाली. "तेव्हा की काल?"

"काल!"

"बघ," ती म्हणाली. "तेव्हा नव्हते बोलले, हे तुलाही ठाऊक आहे."

मी वकिलांना उलटतपासणीत रडवलेली बाई. आणि हिने मला बिछान्यात, चहा पिताना पकडलं.

"तुझं तोंड बघवेना," ती म्हणाली. "दर्शनाबाईंनी विचारल्यावर. शाळेत धडा न आलेल्या पोरीसारखं झालं होतं. म्हटलं, हिला हवं ते देऊन टाकू. अठ्ठावीस वर्षं मागतेय."

"मला खरं हवं होतं."

"गो बाय, खरं तुला मी तेव्हाच दिलं. ते तुला चाललं नाही. आता खोटं दिलं, तेही चालत नाही. मग करू काय, मुकी होऊ?"

मी म्हटलं, आपण एकमेकींच्या सह्या करतच होतो. ती म्हणाली, "नळाच्या अर्जावर. लले, देवगडला तार केली असतीस तर रात्रीची एसटी पकडून आले असते. आई गेली असती तरी आले असते. तू विचारलंच नाहीस. मला त्या ऑफिसातला शिपाई सांगतोय, बाई, तुम्ही सूचक आहात."

"तू माझीच होतीस. तुला काय विचारायचं?"

"घरातलं टेबल आपलं असतं तसं," ती म्हणाली, आणि कप धुवायला गेली.

बोट सुरू झाली असं राहुलने येऊन सांगितलं. बोटीत ती एकटीच बाहेर बाकावर बसली. कुणी तिच्याशेजारी गेलं नाही. मी आत होते, बायकांच्या घोळक्यात, कौतुकात. काचेतून तिची पाठ दिसत होती.

भीक घातली तिने मला. बारा माणसांसमोर माझ्या पदरात भीक टाकली, आणि ती माझा विजय म्हणून मला घरी न्यायची आहे. तेव्हा तिने माझी खुर्ची घेतली. आता माझा राग पण घेतला. याचा सूड घ्यायलाच हवा. कसा, ते अजून सुचत नाही.


२४ फेब्रुवारी, सोमवार. लालबाग

राहुलने भाषण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. दर्शनाबाईंचे प्रश्न कापून. गल्लीत सगळ्यांनी पाहिलंय. भाजीवाला म्हणाला, "बाई, शेवटी सत्य बाहेर आलंच!" मंडळाच्या बायका घरी आल्या. आठ मार्चला मुख्य भाषण माझं. मालन तिथे भजन शिकवते, तिला "सध्या येऊ नका" असं कळवलंय म्हणे. मला विचारून नव्हे, माझ्यासाठी.

पूर्वीने व्हिडिओ दोनदा पाहिला. फोन बाजूला ठेवला.

"आई, मी सात वर्षांची होते. माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तू काहीतरी गिरवत होतीस. परत परत. मी विचारलं तर म्हणालीस, मालनमावशीची गंमत."

मी म्हटलं, लहान मुलांना काहीही आठवतं.

"मला ती खालची रेघ आठवते," ती म्हणाली. "उलटी ओढलेली."


८ मार्च, शनिवार

पन्नास मिनिटं बोलले. भरपूर टाळ्या. मालनबद्दल एक शब्द बोलले नाही. का नाही, ते लिहिणार नाही.


२० मार्च, गुरुवार

आज झालं. जसं व्हायला हवं होतं तसं नाही, पण झालं.

वर्षाचा मसाला कुटायला डंकावर गेले होते. मार्च महिना, सगळ्या लालबागची रांग तिथे. भाजलेल्या मिरच्यांचा ठसका, बायका नाकाला पदर लावून आपापल्या डंकापाशी बसलेल्या, कारण नजर हटली की मसाला शेजारणीच्या डब्यात जातो असा सगळ्यांचा ठाम समज. लोखंडी मुसळं धाडधाड पडत होती. शेजारचीचं बोलणं ऐकू येत नाही.

मालन रांगेत पुढे होती. हातात मिरच्यांची पिशवी. तिच्या पुढच्या दोघी मंडळातल्या. त्यांनी तिच्याकडे पाठ केली होती. मागची एक मुद्दाम जोरात म्हणाली, "अशांचा मसाला आपल्या शेजारी नको गं बाई." मालन ऐकू न आल्यासारखी मिरच्यांची देठं बघत होती.

तिथेच मला कळलं, सूड कसा घ्यायचा. भीक परत करायची. सगळ्यांसमोर, तोंडावर. तिने दिलेला विजय तिच्या पिशवीत कोंबायचा आणि म्हणायचं, घे, मला नको, ललिता घाडीला कुणाची मेहेरबानी लागत नाही.

मी पुढे झाले. म्हटलं, "भगिनींनो, अठ्ठावीस वर्षांपूर्वी या गल्लीत जे घडलं, त्याविषयी जे सांगितलं गेलं..."

"काय?" एकीने ओरडून विचारलं. "नंबर? तुमचा नंबर मागे आहे!"

मी आवाज चढवला. "मालन परब यांनी गोझो बेटावर दिलेला कबुलीजबाब हा..."

"ऐकायला येत नाय, बाई!"

मुसळं पडतच होती. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी. वाक्यातलं एक एक टाकत गेले, बेट टाकलं, कबुलीजबाब टाकला, भगिनी टाकल्या. शेवटी जे उरलं ते छाती फुटेस्तोवर ओरडून सांगितलं.

"सही मी केली होती! तिची सही! मी!"

हे ऐकू गेलं. जवळच्या पाचसहा जणींना नक्की. त्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी बाहेरच्यांना. बघता बघता सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. या गल्लीत मला इतक्या जणींनी एकाच वेळी इतकं नीट कधीच ऐकलं नसेल. टाळी एकही नाही.

मी मालनकडे पाहिलं. वाटलं, आता हिचा चेहरा पडेल. तिने पदराने डोळे पुसले. ठसक्यानेच असणार, तिथे सगळ्यांचेच वाहत होते.

मग काय, दोघींचे नंबर लागले. शेजारशेजारचे डंक मिळाले. मी बसले, तर पलीकडच्या बाईने, जी मालनला बोलली होती तीच, आपला डबा माझ्यापासून हातभर लांब सरकवला. माझ्यापासून! मी या गल्लीला नळ आणून दिला, आणि ती माझ्या हातांकडे नजर ठेवून बसली.

मालनने ते पाहिलं. वाकून त्या बाईच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "राहू दे गो तो डबा! ती सह्या करते, मसाला नाय चोरत!"

बायका हसल्या. आधी चार जणी, मग सगळी रांग. डंकवाला पण हसला. मालन तर ठसका लागेपर्यंत हसत होती, माझ्या गुडघ्याला धरून.

चाळीस वर्षं व्यासपीठावर काढली आणि डंकावर माझी बोलती बंद झाली. आता घरी बसल्यावर तीन उत्तरं सुचली आहेत, तिन्ही लिहून काढली. तिसरं फार झोंबेल. उद्या सकाळी चहाच्या वेळेला तिच्या घरी जाऊन ऐकवणार आहे.